गोठ्यावरची भावी डॉक्टर

दर जुलैला मला पोरांची ध्येयं ठरवून द्यावी लागतात. माझी नोकरीच ती आहे. आमच्या क्लासला अकरावीची नवी बॅच आली की पहिल्या शनिवारी त्यांना हॉलमध्ये बसवायचं, मागच्या रांगांत त्यांचे आईबाप बसवायचे, आणि एकेकाला उभं करून विचारायचं: वैयक्तिक ध्येय काय, शैक्षणिक ध्येय काय, करिअरचं ध्येय काय? पोरगं तोंड उघडायच्या आत मागच्या खुर्चीवरनं बाप बोलतो, "डॉक्टर, मॅडम. डॉक्टरच करायचं ठरवलंय आम्ही." आम्ही म्हणे. सगळं घर मिळून रात्रंदिवस अभ्यासाला बसणार असल्यासारखं. मी हसत नाही. मान डोलावते आणि पुढच्याला उभं करते.

हा क्लास ज्या सरांचा आहे त्यांनीच मला या कामाला लावलं. "तुझा अनुभव पोरांच्या उपयोगी पडेल," असं ते मला पहिल्या दिवशी म्हणाले. बाई गं, त्या सगळ्या प्रकाराला अनुभव म्हणायचं म्हणजे तोंडाला काय लाज असावी की नको? पण मला तेव्हा नोकरी पाहिजे होती, म्हणून मी हो म्हटलं. त्या अनुभवाचा पहिला धडा मला सरांनीच दिला होता, हे ते विसरले होते की त्यांना आठवत होतं, देव जाणे.

आम्ही कोल्हापुरातले गवळी. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि घरामागच्या परड्यात म्हशी. संध्याकाळ झाली की माझे वडील, म्हणजे अप्पा, दोन दुभत्या म्हशी घेऊन चौकातल्या कट्ट्यावर जाऊन उभे राहायचे. आमच्याकडं दूध असंच पितात. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वरचा फेस मिशीला. पैलवान येतात, वकील येतात, पोरं येतात, आणि दूध पिताना सगळ्या जगाची उणीदुणी काढतात. अप्पांची सगळी इज्जत त्या कट्ट्यावर होती. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावरनं पळवायच्या, त्यात अप्पांची म्हैस पुढं असली पाहिजे. शिंगांना रंग, अंगाला तेल, गळ्यात कवड्या. मोटारसायकलवर अप्पा पुढं आणि त्यांच्या आवाजावर म्हैस मागं. आम्हा बायकांच्या अंगावर त्या दिवशी नवी साडी असो नसो, म्हशीच्या अंगावर झूल नवी असायची.

मला या सगळ्याची लाज कधी वाटली नाही. उलट म्हैस मला माणसापेक्षा बरी वाटायची, अजून वाटते. दहावीच्या सुट्टीत आमची थोरली म्हैस अडली. दुपारपासून कळा देत होती आणि पिल्लू काही बाहेर येईना. गुरांच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर स्कूटरवरनं आले, शर्ट काढून दावणीच्या खुंटीला अडकवला, खांद्यापर्यंत साबण लावला आणि हात आत घातला. मी बादली धरून शेजारी उभी होते. डोळे मिटून ते आत काहीतरी चाचपत होते. मग म्हणाले, "मुंडी मागं वळलीया." आणि बराच वेळ आतल्या आत हात फिरवत राहिले. शेवटी ओढलं तेव्हा काळीभोर रेडी बाहेर आली, कपाळावर पांढरा ठिपका. श्वास घेईना. त्यांनी तिच्या नाकात काडी घातली तशी ती शिंकली. अप्पांनी तिथंच डॉक्टरांच्या पायाला हात लावला. मी त्या दिवशी ठरवलं की आपण हेच शिकायचं. कुणी मला ते ठरवून दिलं नव्हतं.

अकरावीला सर आम्हाला जीवशास्त्र शिकवायचे. तेव्हा त्यांचा क्लास नव्हता, ते कॉलेजात नोकरीला होते. एक दिवस ते कुठल्यातरी शिबिराहून नवीन काहीतरी शिकून आले आणि वर्गात एकेकाला उभं करून ध्येय विचारू लागले. कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर, एकजण कलेक्टर. सर मान डोलावून "बस" म्हणायचे. माझी पाळी आली. मी म्हटलं, "मी गुरांची डॉक्टर होणार, सर."

मागनं कुणीतरी म्हशीसारखं ओरडलं. वर्ग फुटला. सरही हसले, आणि सर हसले म्हटल्यावर पोरांना काय, मोकळं रान.

"घरात म्हशी, डोक्यात म्हशी," सर म्हणाले. "अगं, माणसं शेणातनं बाहेर पडायला कॉलेजला येतात. तू परत जायला आलीस होय? वर्गात पहिली येतेस. जरा मोठं ध्येय सांग."

मी म्हटलं, "हेच आहे सर."

"मग उभी राहा. सुचलं की सांग."

मी उभी राहिले. सरांनी माझ्या पुढच्यांना विचारलं, त्यांच्या पुढच्यांना विचारलं, सगळा वर्ग संपला. मधेमधे कुणीतरी हळूच हंबरत होतं. तास संपायला आला तेव्हा सर परत माझ्यापाशी आले.

"काय होणार?"

"डॉक्टर."

"कुणाची?"

"माणसांची."

"बस," सर म्हणाले, आणि मी बसले.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी ते गिळलं असतं. पण सर आमच्याच कट्ट्यावर दूध प्यायला यायचे. त्याच संध्याकाळी त्यांनी ग्लास हातात धरून अप्पांना सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरीनं ठरवलंय बरं का. एमबीबीएस. डोकं आहे तिचं, लागणार म्हणजे लागणार." अप्पांनी त्या दिवशी सरांना वरती आणखी एक ग्लास पाजला. घरी आले तेच जमिनीच्या वर चार बोटं चालत. आईला म्हणाले, "आता पोरीला शेणाला हात लावू द्यायचा न्हाय." मी खरं काय ते सांगायला गेले तर म्हणाले, "सर खोटं बोलत्यात व्हय? एवढा शिकलेला माणूस."

आईला मी स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "कशाला त्यांचं तोंड पाडतीस? परीक्षा तर दोन्हीची एकच हाय न्हवं? दे की आधी." ते खरं होतं. त्या एकाच परीक्षेवर माणसांचा डॉक्टर, दातांचा डॉक्टर, गुरांचा डॉक्टर, सगळं ठरतं. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, मार्क पडले की आपलं आपण बघू. मी अकरावी-बारावीची दोन वर्षं त्या हिशेबानं अभ्यास केला, आणि कपाळावर ठिपका असलेल्या रेडीच्या अंगावर हात फिरवत पाठांतर केलं. अप्पांनी बघितलं की ओरडायचे, म्हणून ते घरात नसताना जायचे.

परीक्षा झाली. निकालाला वेळ होता आणि मधे माझा वाढदिवस आला. सकाळी मी दूध घालायच्या निमित्तानं चौकात गेले आणि तिथं मी स्वतःच टांगलेली होते. दोन खांबांच्या मधे, रिक्षाएवढी. आमच्याकडं माणूस जन्मला, मेला, निवडून आला, पडला, तुरुंगातनं सुटला, सगळ्याला फ्लेक्स लागतो. पण निकालाच्या आधी लावलेला मी तोवर बघितला नव्हता. वर मोठ्या अक्षरांत ‘भावी डॉक्टर’, खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझा दहावीचा फोटो घेऊन मुंडकं कापलं होतं आणि दुसऱ्याच कुठल्यातरी बाईच्या पांढऱ्या कोटावर, गळ्यातल्या स्टेथोस्कोपवर बसवलं होतं. कोटातली बाई गोरी होती. मानेवर जिथं ती संपत होती आणि मी सुरू होत होते तिथं सरळ रेघ दिसत होती. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, आमच्या तालमीची सगळी पोरं, एक गॉगल घातलेला. मधोमध पटका बांधून अप्पा.

"कसा झालाय?" अप्पांनी विचारलं.

"निकाल लागू द्यायचा की, अप्पा."

"निकाल काय, लागतोच की. आदी लावला म्हंजे माणूस मागं फिरत न्हाय."

आईनं त्या दिवशी माझी दृष्ट काढली. तिला फ्लेक्सची काढायला पाहिजे होती.

निकाल लागला. मार्क चांगले होते. एमबीबीएसला पुरणारे नव्हते, गुरांच्या डॉक्टरकीला पुरून उरणारे होते. घरात कुणाला न सांगता मी कॉम्प्युटरच्या दुकानातनं ऑनलाइन अर्ज भरला आणि पहिल्याच यादीत मला साताऱ्याकडचं सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज लागलं. मला आजही त्या संध्याकाळचा आनंद आठवतो. अंगात मावेना म्हणतात तसा. मी तशीच धावत कट्ट्यावर गेले. अप्पा धार काढत होते, भोवती नेहमीची माणसं होती. घरी येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं असं लोक मला नंतर म्हणाले. का थांबायचं? वाईट काही केलं होतं का मी?

"अप्पा, नंबर लागला."

अप्पांचे हात थांबले. माणसांनी ग्लास खाली घेतले. "कुठं?" अप्पा म्हणाले. त्यांचं तोंड असं उजळलं होतं की मला क्षणभर सांगूच नये वाटलं.

मी सांगितलं.

कुणीतरी म्हणालं, "म्हंजे ढोरांचा डाक्टर?" दुसरा म्हणाला, "मग बरं झालं की पावणं, घरातल्या घरात." आणि ते सगळे हसले. फार नाही हसले. दूध पिताना हसतात तेवढंच. पण अप्पांनी बादली खाली ठेवली आणि वर फ्लेक्सकडं बोट केलं.

"आनी ह्येचं काय करू?"

"खाली काढा की, अप्पा."

"आनी तिथं काय लावू? गुरांच्या डाक्टरचा फ्लेक्स लावू व्हय? दुनियेत कुनी लावलाय?"

"मला तेच व्हायचं होतं. आधीपासनं."

"तुला काय व्हायचं हाय ते चौकाला ठावं हाय. समद्यांनी वाचलंय. आता मागं फिरून माझं त्वांड काळं करतीस?" मग त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर जाहीर केलं, "येक वर्स परत बसंल. म्होरल्या वर्साला एमबीबीएस." माणसं "व्हय व्हय, बसू दे की" म्हणाली आणि परत दूध प्यायला लागली. माझं आयुष्य त्यांनी एका ग्लासात मिटवलं.

मी घरी भांडले. आमच्या घरात अप्पांशी भांडायची पद्धत नव्हती, ती मी पाडली. अप्पा ऐकून घेत राहिले. मग उठून लोखंडी कपाट उघडलं, माझी सगळी मूळ कागदपत्रं आत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. मूळ कागदपत्रांशिवाय कॉलेज प्रवेश देत नाही. शेवटची तारीख जवळ आली तशी मी आईच्या मागं लागले. आई म्हणाली, "बघते, बोलते." शेवटच्या दिवशी सकाळी उठले तर अप्पा आणि आई दोघंही घरात नव्हते. आईच्या माहेरी, नेसरीला, कुणाच्यातरी घराची वास्तुशांत होती, तिकडं पहाटेच्या एसटीनं गेले होते. किल्ली अप्पांच्या कमरेला. आईनं माझ्यासाठी चुलीवर भाकरी आणि वांग्याची भाजी झाकून ठेवली होती.

मी हातोडा घेऊन कपाट फोडायला लागले. कडी वाकडी झाली, पण कुलूप तुटलं नाही. दुपारी हात सुजले तशी थांबले. संध्याकाळी ते दोघं परत आले. आईनं कपाटाची कडी बघितली, माझे हात बघितले, आणि पिशवीतनं वास्तुशांतीच्या जेवणातला लाडू काढून माझ्यापुढं ठेवला. मी तो म्हशीला घातला.

पुढं मी तीनदा परीक्षेला बसले. पहिल्यांदा जेवढे पडले होते तेवढे मार्क परत कधी पडले नाहीत. कसे पडतील? पुस्तक उघडलं की मला ती कडी दिसायची. दर वर्षी वाढदिवसाला अप्पा फ्लेक्स धुऊन परत ताणून बांधायचे. उन्हानं माझा चेहरा आधी पिवळा, मग निळसर झाला. कोट मात्र पांढराच राहिला. कट्ट्यावरनं जाताना लोक हाक मारायचे, "डाक्टरीणबाई, गुडघं लई दुखत्यात, गोळी द्या की." "डाक्टरीणबाई, भावीतनं परमनंट कवा हुनार?" गंमतच करायचे ते. कोल्हापुरात माणूस मनात काही ठेवत नाही, सगळं तुमच्या तोंडावर फेकतो आणि वर म्हणतो, राग मानू नका. मी राग मानला. मी त्या प्रत्येकाचं तोंड लक्षात ठेवलंय, आणि अजून त्यांच्यातला कुणी क्लासला पोरगं घेऊन आला की मी त्याला ओळख देत नाही.

शेवटच्या निकालानंतर अप्पा बोलायचे बंद झाले. त्या पावसात गोठ्याचा पत्रा गळायला लागला. एक दिवस मी शेण काढायला गेले तर आत उजेड वेगळाच दिसला. वर बघितलं. अप्पांनी फ्लेक्स काढून आणून पत्र्याखाली ताणला होता. कोरी बाजू पावसाकडं आणि छापलेली बाजू आत. मी खाली शेण भरत होते आणि वरनं मीच माझ्याकडं बघत होते, गळ्यात स्टेथोस्कोप घालून. अप्पा दारात उभे होते. बऱ्याच महिन्यांनी ते माझ्याशी बोलले.

"तुला गुरांचीच डाक्टर व्हायचं हुतं न्हवं? बघ आता गुरं."

मी पाटी उचलली आणि उकिरड्यावर नेऊन ओतली. दुसरं काय करणार?

मग मी साधं बीएस्सी केलं. तोवर सरांनी कॉलेज सोडून स्वतःचा क्लास काढला होता. बाहेरच्या भिंतीवर यशस्वी पोरांचे फोटो, आत मी. सरांना माझ्यासारखी बाई पाहिजे होती. मागं पडणारी पोरं रडायला लागली की त्यांच्याशी बोलायला. "तू त्यातनं गेलीयस," सर म्हणाले. त्यातनं मला घातलं कुणी, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पगार बरा आहे.

हे सगळं मी ज्यासाठी सांगतेय ते गेल्या पावसाळ्यात झालं. कपाळावर ठिपका असलेली ती रेडी आता मोठी म्हैस झाली होती, अप्पांच्या जिवाचा तुकडा. पाडव्याला सगळ्यांच्या पुढं पळायची. ती गाभण होती. शुक्रवारी मी दुपारच्या जेवणाला घरी आले तर परड्यातल्या गोठ्यात शेजारचे चार गवळी जमलेले आणि म्हैस आडवी पडलेली. सकाळपासून अडली होती. म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरबाई गगनबावड्याकडं लसीकरणाला गेलेल्या, आणि त्या रस्त्यावर पाणी आलेलं. फोन लागत नव्हता. गवळ्यांनी दोऱ्या लावून ओढून बघितलं होतं. म्हैस आता ओरडतही नव्हती.

अप्पा चिखलात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मला बघितलं तसे उठले.

"तू बघितलंतंस की," ते म्हणाले. "ही झाली तवा तूच बादली धरलीतीस. डाक्टरानं कसा हात फिरवला, समदं बघितलंस. ये. हात घाल."

"अप्पा, मला नाही येत."

"येतंय गं. तुला न्हाय येत तर कुनाला यील? तुझ्यायेवढं कोन शिकलंय हितं?"

चारी गवळी माझ्याकडं बघत होते. वर ताणलेल्या फ्लेक्सवरनं मीच बघत होते, निळ्या तोंडाची. मी ओढणी काढून खुंटीला अडकवली, खांद्यापर्यंत साबण लावला, हात आत घातला. आत ऊन ऊन होतं. मला एक पाय लागला, दुसरा लागला, मग मान लागली, आणि मान जिथं संपायला पाहिजे तिथं मुंडी नव्हती. ती मागं वळली होती. सगळं तसंच होतं, तिच्या आईच्या वेळी होतं तसं. मी बोटं लांबवली. टोकाला नाक लागलं, ओलं. मी ते धरून पुढं ओढायला गेले तर निसटलं. परत धरलं, परत निसटलं. म्हशीला कळ आली आणि माझा हात हाडात चिरडला. पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. इतकं जवळ होतं, आणि मला माहीत नव्हतं. मी हात बाहेर काढला.

"काय झालं?"

"मुंडी मागं वळलीय."

"मग फिरव की."

"येत नाही मला."

अप्पा परत म्हशीच्या डोक्यापाशी बसले. मग त्या चौघांसमोर म्हणाले, "मग इतकी वर्सं काय शिकलीस?"

"माणसांचं, अप्पा," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं."

 आई दारात होती, ती आत गेली. मी हौदावर हात धूत असताना गल्लीत जीप थांबली. डॉक्टर लांबच्या वाटेनं वळसा घालून आल्या होत्या. माझ्याच वयाची बाई, पायात गमबूट, केस वर बांधलेले. मुंडी मागं वळलीय, नाक हाताला लागतंय पण निसटतंय, हे मी सांगितलं; तिनं साबण लावून हात आत घातला, आणि मी बादली धरली. तिनं पिल्लाला आधी पुढं ओढलं नाही. उलट आत, मागं ढकललं. जागा झाली तशी मुंडी फिरवली. मग दोन कळांत रेडी बाहेर. हिच्याही कपाळावर ठिपका. म्हैस मान वळवून तिला चाटायला लागली.

"आधी तुम्ही हात घातला होतात?" डॉक्टरनं मला विचारलं. बाई चांगली होती. "बरोबर ठिकाणी पोचला होतात की. नुसतं आधी मागं ढकलायचं असतं. शिकलं की येतं, फार अवघड नाही."

मी म्हटलं, "बरं."

अप्पांनी तिच्या हातावर स्वतः गरम पाणी ओतलं. नवा साबण फोडला. पाहुण्यांसाठी ठेवलेला कोरा टॉवेल आईकडून मागवला. "बसा मॅडम," म्हणाले, आणि ती बसेपर्यंत स्वतः उभे राहिले. तिचे वडील काय करतात विचारलं. मलकापूरकडं शेती करतात म्हणाली. "नशीब काढलं बगा तुमच्या बापानं," अप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं पाणी होतं, मी त्यांना ओळखते. संध्याकाळी कट्ट्यावर त्यांनी येईल त्याला तेच सांगितलं. बाईमाणूस असून काय हात चालतोय. असं लेकरू पोटाला याय पायजे.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नव्या बॅचची ध्येयं घ्यायची होती, म्हणून मी लवकर निघाले. चौकात आले आणि गाडीचा ब्रेक दाबला. त्याच दोन खांबांच्या मधे नवाकोरा फ्लेक्स होता. डॉक्टर बाईंचा मोठा फोटो, हार घातलेली म्हैस, आणि वर अक्षरं: ‘म्हशीला व रेडीला जीवदान देणाऱ्या डॉक्टर मॅडम यांचे हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो. पहिला अप्पांचा, पटक्यातला. त्याच्या शेजारचा माझा. छापणाऱ्यानं तो जुन्या फ्लेक्सच्या फाईलमधनंच उचलला होता. कोट कापून टाकला होता, पण पांढरी कॉलर तेवढी गळ्याशी राहिली होती.

अप्पा खाली उभे राहून दोरी ताणत होते. मला बघून म्हणाले, "कसा झालाय?"

"गुरांच्या डॉक्टरचा फ्लेक्स लावलात की, अप्पा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या तोंडावर शोधलं. काहीतरी आठवल्याची खूण, थोडीशी तरी. काही नव्हतं. ते खरोखर विसरले होते.

"मग?" अप्पा म्हणाले. "मान द्याय नगो व्हय? गुरांचा डाक्टर म्हंजे काय कमी हाय?"

मी गाडी चालू केली आणि क्लासला गेले. हॉल भरला होता. पहिल्या रांगेतल्या पोरीला मी उभं केलं, आणि तिनं तोंड उघडायच्या आत मागनं तिचा बाप बोलला.